दादाला ‘येतो’ म्हणालो

मित्रहो, आज सकाळी जानेफळला थोरल्या भावाकडे गेलो, तर वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, काल तुम्ही ‘येतो’ म्हणून निघाले अन् हे दिवस बुडेपर्यंत ओट्यावर बसून होते. जेवलेही नाई."

दादाने विचारलं, "येतो म्हणला होता. काऊन नाई आला बे?"

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूला उजव्या बाजूला झटका आला. शब्द कळतील, पण त्यांच्या आडचा अर्थ निसटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी संस्कृतचा मास्तर. वर्गात जन्मभर अभिधा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, आणि लक्षणा, म्हणजे त्याच्या आडचा अर्थ, शिकवली. मनात म्हटलं, आमचे बंधू आता फक्त अभिधेवर आहेत. स्वतःच्याच विनोदाचं हसू आलं नाही. आम्हा दोघांचं सगळं बोलणं टोमण्यांतच चालायचं.

आज निघताना सरळ सांगितलं, "दादा, मी जातो. रविवारी सकाळी येईन."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये हो, भाऊजी."

"जा," दादा शांतपणे म्हणाला आणि उठून जेवायला बसला.

परतीच्या बसमध्ये बसून हे लिहितोय. तुमच्या घरी असं कोणी असेल तर सांगा, त्यांचा निरोप घेताना तुम्ही काय म्हणता?