हेट्टी प्लमरिजला आदर सोसत नाही

बेथनल ग्रीनच्या बाजारात हेट्टी प्लमरिजच्या गाड्यावर थिजवलेली वाम मासळी विकत मिळायची आणि अपमान फुकट. वाम कधीमधी शिळी निघे, अपमान कधीच नाही.

त्या गल्लीत अवयवाला त्याच्या नावानं हाक मारणं म्हणजे पाहुण्यांसमोर चड्ड्या वाळत घालण्यासारखं होतं. प्रत्येकाला यमकाचं टोपणनाव, आणि वर यमकाचा शब्द गिळून टाकायचा. डोकं म्हणजे रिकामं खोकं, म्हणून नुसतं 'रिकामं'. पाय म्हणजे म्हातारी आय, म्हणून 'म्हाताऱ्या'. कान, कोबीचं पान. हात, चोराची जात. तोंड तर चक्क गुलाबाचं बोंड. आणि छाती, बागेतली माती. पोरं हे आईच्या कडेवरच शिकत. बाहेरचा कुणी ऐटीत सबंध जोडी म्हणून दाखवायला लागला, की गल्ली त्याच्याकडे दयेनं बघे.

हेट्टी मात्र कुणालाच दया दाखवत नसे. एकदा बँकेतला एक कारकून बराच वेळ गाड्यावरची वाम न्याहाळत उभा राहिला.

"साहेब, चोर खिशातून बाहेर काढा, म्हणजे पैसेही निघतील," ती म्हणाली. "आणि ते रिकामं नुसतं हॅट अडकवायला नाही दिलेलं देवानं."

तिची खरी जोडीदारीण समोरची भाजीवाली, नेल गॅमन. दोघींचं वैर इतकं जुनं की ते कशावरून सुरू झालं हे दोघींनाही आठवत नव्हतं. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नेलचं घर पडलं तेव्हा ती हेट्टीच्या स्वयंपाकघरात राहायला आली, आणि तिथेही भांडली.

"हेट्टे, म्हाताऱ्या सुजल्यात गं तुझ्या! चालतेस तर गोदीला जहाज लागल्यासारखं वाटतं!"

"आणि तुझे कोबी बघ, वाऱ्यावर फडफडतायत! ते ठेव विकायला, गाड्यावरच्यापेक्षा ताजे आहेत!"

गिऱ्हाईक दोन्हीकडून हसायचं आणि दोन्हीकडे खरेदी करायचं. म्हणजे भांडण धंद्यालाही बरं होतं.

गल्लीत कुणी गेलं की प्रेताला अंघोळ घालायला याच दोघींना बोलावणं येई. तिथे मात्र यमक बंद. हेट्टी हळू आवाजात नेलला सांगे, "हात सरळ कर. डोळे मीट. पाय जुळव." जो उलटून बोलू शकत नाही त्याची टिंगल करणं तिला भेकडपणाचं वाटे.

युद्ध संपून काही वर्षं झाली होती, मटण अजून कुपनावर होतं, तेव्हा हेट्टीच्या बागेत गाठ निघाली. इस्पितळात एक बाजू कापून काढली. डॉक्टर तिला म्हणाले, "छान झालंय, आता दूध प्या, विश्रांती घ्या." आणि तिच्या नवऱ्याला, वॉलीला, बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. तेव्हा अशीच पद्धत होती. मरायचं ज्याला, त्याला सोडून सगळ्यांना कळवायचं.

वॉली फर्निचरला पॉलिश करायचा. लाकडाशी बोलून उरलेच तर दोन शब्द बायकोशी बोलायचा. एवढं ओझं एकट्यानं वाहणं त्याला झेपलं नाही. त्यानं पबमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि हेट्टीला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. गल्लीनं शपथ पाळली. पण गुपित पाळताना सगळे भलतेच सभ्य झाले, आणि घोटाळा तिथेच झाला.

खाटकानं तिला हाडाशिवाय मटण दिलं. त्या दुकानातून आजवर हेट्टीनं मटणापेक्षा हाडंच जास्त आणली होती. पबचा मालक म्हणाला, "त्या बाजूचा हात बरा आहे ना आता?" घरी वॉलीनं खाली मान घालून विचारलं, "हेट्टी, छाती दुखतेय का?" लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. हा शब्द त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता.

तरी तिनं मनाची समजूत घातली. इस्पितळातून आलेल्या माणसाशी लोक जरा जपूनच वागतात, ती स्वतःशी म्हणाली. ती गाड्यावर परतली त्या सकाळी नेल समोरून धावत आली आणि तिनं हेट्टीचा दंड धरला.

"पाय जपा हो, मिसेस प्लमरिज. फरशी ओली आहे."

हेट्टीनं शब्द मोजले. पाय, हात, छाती. हे शब्द तिनं आणि नेलनं कुठल्या खोल्यांमध्ये वापरले होते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ह्या मंडळींनी तिला जिवंतपणीच अंघोळ घालायला घेतली होती.

"नेल्ये," ती म्हणाली, "मला 'जपा हो' म्हणालीस तू. किती दिवस आहेत माझे?"

"काहीतरीच काय..."

"किती?"

"वॉलीची शपथ आहे गं."

"वॉलीला मी बघते. तू बोल."

नेलनं एप्रनचं टोक चुरगाळलं. "ख्रिसमस दिसला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाला."

हेट्टी गाड्याला धरून उभी राहिली. तिला भीती वाटली, खूप वाटली. आणि त्याहून जास्त राग आला.

"मग तोवर मी आहे ना इथे? दे शिवी."

"हेट्टी, नको गं."

"दे म्हणते ना!"

"तुझं... तुझं रिकामं फिरलंय," नेल कशीबशी म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ह्यॅ! ही शिवी झाली? अशी मी पाद्र्याला घालते!"

मग नेलनं नाक पुसलं, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "भवाने, कापायचा होता तुझा गुलाब, डॉक्टरनं भलतीच बाग उपटली!"

कांदेवाल्याच्या हातातलं वजन खाली पडलं. हेट्टी हसली. टाके ताणले जाईपर्यंत हसली. मग वामेची एक वाटी भरून तिनं नेलच्या गाड्यावर आपटली आणि तिथेच उभी राहून बराच वेळ नेलशी काहीतरी बोलली. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. मग ती घरी गेली.

वॉली टेबलापाशी बसला होता. तिचा चेहरा बघून त्याला सगळं कळलं. ती त्याला बोलली, आणि जेवण गार होईपर्यंत बोलली. भित्रा म्हणाली, मेणचट म्हणाली, माझं मरण तू मला सोडून सगळ्यांना वाटलंस म्हणाली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तू गेलीस तर मला असं कोण बोलणार?" तो शेवटी म्हणाला.

हेट्टीनं त्याच्यापुढे ताट सरकवलं.

"नेलला सांगून आलेय."