लाखेची शाई

अमरावतीच्या कचेरीबाहेर एक म्हातारा शाई विकायला बसत असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पुढ्यात काळ्या शाईचं मडकं, शेजारी मुंबईहून नव्यानं आलेल्या निळ्या शाईच्या बाटल्या. अंगठ्याच्या नखावर थेंब घेऊन तो गिऱ्हाइकाला रंग दाखवी.

“सरकारी कागद हाय का घरचा?” त्यानं मला विचारलं.

“घरचा.”

“मंग निळी न्या, मास्तर. कापसाचे दलाल सारे निळीनं लिहून राहिले, तुमीच काऊन मागं?”

मी सांगितलं, बायको वारली; अकोटला तिच्या वडिलांना कळवायचं आहे.

त्यानं माझ्या हातातली बाटली काढून घेतली. मडकं काडीनं हळूहळू ढवळलं आणि माझी दौत भरली.

“हिच्यात लाख घातली हाय. बाप रडन, मास्तर. निळी पान्यानं पसरते, पोरीचं नाव वाहून जाईन. हे नाही जात.”

घरी येऊन मी लिहायला बसलो. रीतीप्रमाणे तिला मी कधी नावानं हाक मारली नव्हती. ती माहेरी असली तरी पत्र तिच्या वडिलांच्याच नावे जाई. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिचं नाव त्या दिवशी मी पहिल्यांदा लिहिलं.