फेब्रुवारीची गाडी, ऑगस्टचं इंजिन

माझे पती गाड्या तपासायचे. अपघातात सापडलेल्या, चोरीला जाऊन पुन्हा मिळालेल्या गाड्या. विमा कंपन्यांचे सर्व्हेअर म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली. चेसिसवरचा नंबर कारखान्यातला की कुणी नंतर ठोकलेला, हे ते आधी बोटांनी बघायचे आणि मग डोळ्यांनी. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे कागदावर उमटतात. असे कागद आमच्या घरात कपाटात, गादीखाली, कधी कधी डाळीच्या डब्यातसुद्धा सापडायचे. एकदा कोर्टात त्यांच्या साक्षीवरून निकाल लागला होता, तेव्हा उलटतपासणी करणाऱ्या वकिलानंच बाहेर येऊन त्यांना चहा पाजला होता.

मी नारायणगुड्याच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. गाड्यांतलं मला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यावं असंही कधी वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांनी ती अमेरिकन गाडी घेतली. साठ-सत्तरच्या दशकांत तिकडे अशा गाड्या निघायच्या म्हणे, दोन दरवाजे आणि पुढे ट्रकला शोभेल एवढं इंजिन. त्यांनी पहिल्यांदा अशी गाडी कॉलेजात असताना आबिड्सच्या चौकात पाहिली होती आणि तिच्यामागे सायकल मारत पार टँकबंडपर्यंत गेले होते. ही गाडी अमेरिकेतून परत आलेल्या एका डॉक्टरांची. ते वारले, मुलाला गाडीत रस नव्हता. मुलगा म्हणाला, वडील सांगायचे की कारखान्यातून निघाली तशीच आहे, एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. आमचा वरचा मजला बांधायचा बेत होता, तो राहिला. मी विरोध केला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोडक्या गाड्यांखाली झोपलेला माणूस, एक स्वतःची हवी म्हणत होता.

गाडी दिलसुखनगरच्या आमच्या घरी आणली तो दिवस मला नीट आठवतो. तिचं स्टिअरिंग डावीकडे. मी उजवीकडे बसले होते, त्यामुळे सिग्नलला शेजारचे रिक्षावाले वाकून बघायचे की ही बाई हात मांडीवर ठेवून गाडी चालवते कशी. ते इतके हसत होते की दोनदा हिरवा दिवा होऊनही थांबून राहिले.

येत्या रविवारपासून ती तपासायची म्हणाले, तेव्हा घेण्याआधी तपासायची सोडून घेतल्यावर तपासताय, असं मी चिडवत म्हटलं. ते म्हणाले, "तेव्हा तिच्याकडे बघतच राहिलो गं." मला त्यात प्रेमच दिसलं, दुसरं काही नाही.

तपासणी रविवारी सुरू झाली. बेगम बाजारातून पितळी तारांचे ब्रश आणि चिंध्यांचं मोठं गाठोडं आणलं. मला दोनशे पानी वही घेऊन स्टुलावर बसवलं. ते आत वाकून वाचणार, मी लिहिणार. यापूर्वी त्यांनी कधी असं केलं नव्हतं. त्यांचे आकडे त्यांच्या डोक्यात असायचे. पण मला ते काम आवडलं. शाळेतली नोकरी संपल्यापासून कुणी मला काही लिहून घ्यायला सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. काचेखाली गाडीचा नंबर असतो. त्यातले शेवटचे आकडे इंजिनावरही ठोकलेले असतात, ते जुळले पाहिजेत. गाडी कधी बनली ते एका छोट्या पट्टीवर असतं, महिना अक्षरात. आणि इंजिनाचं लोखंड कोणत्या महिन्यात ओतलं, ते त्या लोखंडातच अक्षरानं उमटलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं पुढे. "चोर आकडे ठोकतो," ते म्हणाले, "पण ओतीव अक्षराकडे त्याचं लक्ष जात नाही." किती छान सांगत होते. ते वर्गात शिकवत असते तर मीही पुढच्या बाकावर बसले असते.

इंजिनावरचे आकडे जुळले तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. नंतर मात्र तोच नंबर त्यांनी मला तीन वेळा सांगितला. लिहिलाय, म्हटलं, तर म्हणाले, "हो का? बरं." कार्बुरेटरकडे बोट दाखवून एकदा नुसतेच थांबले आणि म्हणाले, "ते… हवेचं." ऊन होतं. मी पन्हं करून दिलं.

तिसऱ्या रविवारी तपासणी संपली. दुपारी मी वही नीट उतरवून काढायला बसले, कारण माझंच अक्षर ग्रीसच्या डागांनी खराब झालं होतं. एका पानावर पट्टीवरचं होतं, बी. समोरच्या पानावर इंजिनाच्या ओतीव लोखंडावरचं, एच. वर्ष एकच. मी बोटांवर मोजलं. ए, बी, सी… आठवं बोट. ऑगस्ट. गाडी फेब्रुवारीत तयार झाली आणि तिच्यातलं इंजिन ऑगस्टमध्ये ओतलं गेलं. मला गाड्यांतलं कळत नसलं तरी आधी आणि नंतर तर कळतं.

चहाच्या वेळी मी विचारलं, अहो, हे असं कसं?

त्यांनी वही घेतली. बराच वेळ दोन्ही पानांकडे बघितलं. मग म्हणाले, तू चुकीचं लिहिलं असशील. टॉर्च घेऊन बाहेर गेले, परत आले. एचच होता. खुर्चीत बसून त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "असतं असं कधी कधी."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. जे जुळत नाही ते का जुळत नाही, हे शोधल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. मी घाबरले. कशाला घाबरले, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मलकपेटला एक म्हातारे मेकॅनिक होते, यांच्या बरोबर वर्षानुवर्षं काम केलेले. मी त्यांना फोन करून सहज यावं तसं यायला सांगितलं. ते शुक्रवारची नमाज पढून आले, पांढऱ्या कुर्त्यातच. बाह्या वर करून त्यांनी इंजिनावरच्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग मागच्या बाजूला टॉर्च मारला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझे पती शेजारी उभे होते, निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे. मेकॅनिक हात पुसत म्हणाले, गाडी अच्छी है साब. खीर खाल्ली, जुन्या गोष्टी काढल्या, आणि निघताना मला फाटकापर्यंत यायची खूण केली.

"भाभी," ते हळू म्हणाले, "इंजन दूसरा है. नंबर घिस के नये ठोके. वो होता, कोई बात नै. पण साब कू नै दिखा. ये काम मेरे कू साबीच सिखाए. गाडी का नक्को सोचो. साब कू डाक्टर के पास ले जाओ."

मी फाटकाला धरून उभी राहिले. ते स्कूटर चालू न करता ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. बहुधा माझ्यासमोर पाठ फिरवून भर्रकन निघून जाणं त्यांना बरं वाटलं नसावं.

घरात आले तर हे पायरीवर बसले होते. काय म्हणाला, त्यांनी विचारलं. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ज्या माणसानं जन्मभर खोटं पकडलं, त्याच्याशी कसं बोलणार? मी सांगितलं, इंजिन या गाडीचं नाही, नंबर नंतर ठोकलेत.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मला ते अक्षर दिसत होतं. वाचता येत होतं. त्याच्यापुढे काय करायचं, तेच आठवत नव्हतं."

मग म्हणाले, "वही तुला धरायला लावली ती त्यासाठीच. आकडे राहत नाहीत गं डोक्यात. वर्ष झालं असेल. तुला सांगायचं होतं, पण वाटलं, तू लिहून घेशील, मी बघून घेईन, तेवढ्यावर निभावेल."

वर्ष. मी त्यांच्या ताटात रोज दोन वेळा वाढत होते आणि मला वर्षभर काही कळलं नव्हतं. गाडी घेण्याआधी त्यांनी ती का तपासली नाही, तेही तेव्हा कळलं. रागवावं की जवळ घ्यावं, ते सुचेना. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. समोर ती हिरवी गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती आणि दोघांपैकी कुणालाच उठून ते बंद करावंसं वाटलं नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गाडी चालवायची नाही असं बजावलं. बंगळूरला असलेला आमचा मुलगा धावत आला. विकणाऱ्याला जाब विचारू म्हणाला. यांनीच नको म्हटलं. त्या पोराला त्याच्या बापानं सांगितलं तेच त्यानं सांगितलं, त्याला काय माहीत.

सहा महिन्यांनी विजयवाड्याहून एक जण गाडी बघायला आला. मी सगळं सांगायचं ठरवून दारात उभी होते. त्याआधीच हे उठले, त्याचा हात धरून इंजिनापाशी घेऊन गेले आणि त्याचा अंगठा त्या आकड्यांवर ठेवला. कारखान्याच्या यंत्राच्या बारीक रेघा इथे असायला हव्यात, त्या घासल्या गेल्यात, असं तेलुगूत नीट समजावून सांगितलं. मग ओतीव अक्षर दाखवलं. महिने मोजून दाखवले. एकदाही अडखळले नाहीत. त्या माणसानं तरीही गाडी घेतली, इतकं खरं सांगणारा मला दुसरा भेटला नाही म्हणाला. त्या दिवशी ते पूर्वीचेच होते, अकरा वाजल्यापासून साधारण एकपर्यंत.

त्याला आता तीन वर्षं होतील. ते शांत असतात, त्रास देत नाहीत. जेवतात, व्हरांड्यात बसतात, रस्त्यावरच्या गाड्या बघतात. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते लगबगीनं उठले, खुर्चीवरचा पेपर बाजूला केला आणि मला म्हणाले, "या ना, बसा. तुम्ही उभ्या कशाला?"

त्यांनी मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. किती आदबीनं म्हणाले. परक्या बाईशी ते नेहमी असेच बोलायचे, हे मला माहीत होतं. फक्त ते मी दुरून ऐकलेलं होतं.

"हो, बसते," मी म्हटलं, आणि बसले.