डावीकडे गेलेला गिअर

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा त्याच्याविषयी लोक जितकं बोलले त्याहून जास्त एका मोटारसायकलीविषयी बोलले. जलदान विधीच्या दिवशी आमच्या निरवांगीच्या घरासमोर मांडव घातला होता. आत बुद्धवंदना चालू होती आणि मांडवाच्या कडेला त्याचे मित्र दबक्या आवाजात भांडत होते. गिअर डावीकडे असावा की उजवीकडे, यावर. मी दारात उभी राहून ऐकत होते. आत सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून बसले होते, आणि बाहेर माझा भाऊ एक मुद्दा होऊन बसला होता.

दादा वालचंदनगरला कारखान्यात कामाला होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमच्या भागात तेव्हा मोटारसायकल म्हणजे दुधाच्या किटल्या, खताची पोती, फार तर बायकोला माहेरी सोडणं. नुसतं लांब जाण्यासाठी गाडीवर बसणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि ती सगळी सुट्टीच्या सकाळी वालचंदनगरच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर जमत. त्यातल्या दोघांचंच इथे सांगते. एक कारखान्यातला टर्नर. वयानं सगळ्यांत मोठा, हात कुशल, जीभ धारदार. दुसरा इंदापूरचा औषधाच्या दुकानाचा मालक, मऊ बोलणारा, कुणालाही न दुखावणारा. हे तिघं मिळून हंपीला, गोव्याला, एकदा कच्छच्या रणापर्यंत गेले होते. परत आल्यावर दादाच्या तोंडाचं कातडं सोललेलं असायचं आणि तो दोन दिवस नुसता हसत असायचा.

नाक्यावरच्या सगळ्यांकडे एकाच कंपनीच्या जड, जुन्या घडणीच्या गाड्या होत्या. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. मग त्या कंपनीनं लांबच्या खडतर प्रवासासाठीची गाडी नव्यानं घडवून काढली. टाकी मोठी, हँडल उंच, मागे सामानाला पक्कं कॅरिअर, बटणावर सुरू होणारं इंजिन. आणि पाय बदलले. गिअर डावीकडे गेला, ब्रेक उजवीकडे आला. आमच्या भागात ती पहिल्यांदा घेतली दादानं.

नाक्यावरची एक रीत होती. कुणीही नवी गाडी घेतली की ती आधी टपरीवर न्यायची. मालकानं चहा सांगायचा आणि किल्ली टेबलावर ठेवायची. एकेकानं कॅनॉलच्या पुलापर्यंत चक्कर मारून यायचं आणि उभ्या उभ्या मत द्यायचं. सगळ्यांचं होईपर्यंत मालकानं तोंड उघडायचं नाही. दादा मलाही त्या दिवशी घेऊन गेला होता. मी बाकावर पुस्तक घेऊन बसले होते, पण पान काही उलटलं नाही.

टर्नर परत आला तो गाडी बंद करायच्या आधीच बोलत आला.

"आवाज कुठाय हिला? शिलाई मशीन हाय ही. आईला दे, ब्लाउज शिवंल."

सगळे हसले. दादाही हसला.

"बटण दाबून गाडी चालू करायची म्हंजे," टर्नर पुढे म्हणाला, "उद्या जेवायला बी बटण लागंल. आन् ह्यो गिअर! उजव्या पायानं जल्मभर गिअर टाकला, आता ह्या वयात पायाला नवी बाराखडी शिकवू व्हय?"

औषधवाल्याला गाडी आवडली होती. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण टर्नरकडे बघून तो म्हणाला, "खड्ड्यात बसत नाही, एवढं मात्र आहे. पाठ दुखत नाही. बाकी म्हणजे, ज्याची त्याची सवय."

"पाठ दुखत न्हाय म्हण. मग पलंग घ्यायचा की!"

दुसऱ्या एकाला उंच हँडल आवडलं, टाकीचा रंग नाही. आणखी कुणी म्हणालं, कंपनीनं बाहेरच्या देशातल्या लोकांसाठी पाय बदलले आणि आपल्या गळ्यात बांधले. सगळ्यांचं झाल्यावर दादा एवढंच म्हणाला, "शिकीन की."

आणि तो शिकला. कसा, ते मला माहीत आहे, कारण शिकवायला मी होते. संध्याकाळी मी शाळेतून आले की तो पडवीत लाकडी खुर्ची टाकून बसायचा. दोन्ही पायांखाली एकेक वीट. मी वह्या तपासता तपासता मध्येच ओरडायचे, "ब्रेक!" त्यानं उजवा पाय दाबायचा. "गिअर!" डावा. सुरुवातीला तो दर वेळी चुकायचा आणि स्वतःलाच शिव्या द्यायचा. मी फसवायला वाक्याच्या मध्येच म्हणायचे, "या मुलानं निबंधात ब्रेक..." आणि त्याचा उजवा पाय गेलेला असायचा. "मास्तरीणबाई, पास का?" तो विचारायचा. महिनाभरात त्याचा पाय विचार न करता जाऊ लागला.

आमचे वडील, ज्यांना आमच्यासकट सगळं गाव तात्या म्हणायचं, एसटीत ड्रायव्हर होते. बारामती डेपोला. त्यांच्या हातून कधी कुणाला खरचटलं नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता, बोलून दाखवत नसले तरी. त्यांच्या मते अपघात नावाची वस्तूच नसते. ध्यान असतं किंवा नसतं. त्यांना ती गाडी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कामाला जायला सायकल पुरत होती, असं त्यांचं म्हणणं. खुर्चीवरचा आमचा खेळ त्यांनी एकदाही पाहिला नाही. त्या वेळी ते ड्यूटीवर असत.

आता ज्या गोष्टीनं सगळं झालं ती सांगते. नाक्यावरच्या लोकांची आणखी एक रीत होती. लांब निघालं की प्रत्येक थांब्यावर गाड्यांची अदलाबदल करायची. चहा झाला की किल्ल्या रुमालावर टाकायच्या आणि ज्याला जी मिळेल ती घेऊन पुढच्या थांब्यापर्यंत जायचं. त्यांना यात मोठी गंमत वाटायची. सगळ्यांच्या गाड्या सारख्याच होत्या तोवर त्यात काही बिघडतही नव्हतं. पण आता एक गाडी वेगळी होती, आणि रीत तीच राहिली होती.

दादा गेला त्याच आठवड्यात तो मला म्हणाला होता, "आता जुनी चालवायला नको वाटतं गं. पाय गोंधळतो. सांगणार आहे त्यांना, मला किल्लीच्या खेळातून वगळा."

"मग सांग की."

"टर्नर हसंल."

"हसू दे."

"हसू दे म्हणणं सोपं आहे," तो म्हणाला आणि गाडी पुसायला गेला.

उन्हाळा होता. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. ते बघायला सगळे गेले. परतताना रुमालावर किल्ल्या पडल्या. दादा टर्नरच्या जुन्या गाडीवर बसला आणि टर्नर दादाच्या नव्या गाडीवर. पळसदेव गावचा रस्ता जिथे सोलापूरच्या हमरस्त्याला मिळतो तिथे थांबावं लागतं. दादानं थांबायला उजवा पाय दाबला. मागून येणाऱ्या औषधवाल्यानं तो पाय दाबलेला पाहिला. नव्या गाडीवर तिथे ब्रेक होता. जुन्या गाडीवर तिथे गिअर होता. इंजिन ओरडलं आणि गाडी थांबण्याऐवजी पुढे गेली. हातातला ब्रेक त्या जुन्या गाडीला नावापुरताच होता, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. हमरस्त्यावरून ट्रक येत होता.

त्या पायाला मी शिकवलं होतं. तो जे शिकला तेच त्यानं केलं.

मांडवाच्या कडेला ते जे भांडत होते ते असं. टर्नर म्हणत होता, "नव्या गाडीनं त्याचा पाय बिघडवला. मी पयल्या दिवशी बोललो हुतो." दुसरं कुणी म्हणत होतं, नवी असती तर वाचला असता, तिचा ब्रेक चांगला आहे. तिसरा म्हणाला, कंपनीवर केस करायला पाहिजे. औषधवाला म्हणाला, "ज्याची त्याची वेळ." गाड्या का बदलल्या, हे कुणीच म्हणालं नाही.

तात्यांनी टर्नरला आत बोलावून एकच विचारलं. "तुझ्या गाडीवर तो कसा बसला?"

"त्यानंच मागितली, तात्या," टर्नर म्हणाला. "लई दिस झालं म्हणला, जुनी चालवून बघतो."

मी औषधवाल्याकडे पाहिलं. त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला.

तात्यांनी मान हलवली. तेव्हापासून घरात दादाचं नाव बंद झालं. लोक भेटायला येत, हळहळत, आणि तात्या म्हणत, "पाय चुकला न्हाय, ध्यान चुकलं. स्वतः मागून घेतली दुसऱ्याची गाडी. जिवाला कंटाळलेला माणूस बी असं करत न्हाय." आई रडायची तर ते उठून बाहेर जायचे. मी एकदा धीर करून खुर्चीचं आणि विटांचं सांगितलं. दादा अदलाबदलीला नको म्हणणार होता, तेही सांगितलं.

"खुर्चीवर कुणीबी चालवतंय," तात्या म्हणाले. "आन् नको म्हणणार हुता. म्हणला का?"

मी तिथे नव्हते. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला वाटत असतं की आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट नीट शब्दांत मांडली की समोरच्याला पटते. तात्यांना पटली नाही. त्यांना मुलगा गेल्याचं दुःख होतं की नाही हेच मला कळेनासं झालं, आणि त्याबद्दल मी त्यांचा राग राग केला. एका घरात राहून आम्ही एकमेकांना ताट वाढत होतो, इतकंच.

नवी गाडी गोठ्यात पोतं टाकून उभी होती. तात्या ती विकतही नव्हते आणि तिच्याकडे बघतही नव्हते.

दोन वर्षांनी टर्नरनं स्वतःसाठी तसलीच गाडी घेतली. तशीच, मोठ्या टाकीची, बटणाची, डावीकडे गिअर असलेली. मला ते रस्त्यात दिसलं तेव्हा मी सायकलवरून उतरून उभी राहिले. तो हात करून पुढे गेला. मग एका रविवारी तो आमच्या दारात आला. आरसा फुटला होता. नवीन आरसा पुण्याहून मागवावा लागत होता आणि कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. आमच्या गोठ्यातल्या गाडीला दोन आरसे होते.

"उभ्या गाडीला काय करायचाय आरसा," तो म्हणाला. "न्हाय म्हंजे, तुमची हरकत नसंल तर, तात्या."

तात्या बाजेवर बसले होते. म्हणाले, "बस. चहा घे."

मी चहा ठेवला. मला तो ओतून द्यावासा वाटत होता, त्याच्या अंगावर. टर्नर गाडीची तारीफ करत होता. पाठ दुखत नाही. खड्डा कळत नाही. सकाळी लाथा माराव्या लागत नाहीत.

"आन् गिअर?" तात्यांनी विचारलं.

"त्येची सवय झाली की. महिना गेला, पण आता पाय आपोआप जातोय. उलट जुन्या गाडीचीच भीती." तो रंगात आला होता. "परवा मेहुण्याची जुनी घिऊन निघालो बाजारात. म्हैस आडवी आली. दाबला की उजवा पाय! ब्रेक कुठला, गिअर पडला. म्हैस वाचली, मी वाचलो, नशीब म्हणायचं. डोळं उघडं, ध्यान समद्या रस्त्यावर, तरी पाय जातोय म्हंजे जातोयच. पायाला काय सांगायचं?"

हसत हसत तो थांबला. कुणासमोर बोलतोय ते त्याच्या ध्यानात आलं असावं. बशीतला चहा त्यानं एका घोटात संपवला.

तात्यांनी त्याच्या हातातली रिकामी बशी घेऊन खाली ठेवली. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "त्यानं मागितली हुती का रं गाडी?"

टर्नरनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आमची रीतच हुती ती, तात्या. किल्ल्या टाकायच्या. तो नको म्हणत हुता. आमी म्हणलं, भ्यालास काय. तेवढ्यावर बसला."

"मग तवा मागितली म्हणलास."

"तवा काय सांगणार हुतो तात्या? घर भरल्यालं. समदे बघत हुते."

मला वाटलं तात्या ओरडतील, निदान उठून जातील. ते म्हणाले, "आरसा घिऊन जा. पर एक कर. नाक्यावर सांग हे. नको म्हणत हुता, आन् ध्यान हुतं त्याचं. चारचौघांत सांग."

"सांगतो की. त्यात काय."

त्यानं आमचाच पाना मागून घेतला, गोठ्यातल्या गाडीचा आरसा काढला आणि अंगणातच आपल्या गाडीला बसवला. मान इकडेतिकडे करून त्यात मागचा रस्ता दिसतो का ते पाहिलं आणि गेला.

त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर तात्या म्हणाले, "दादाला कारल्याची भाजी आवडत न्हवती." आईच्या हातातला डाव तसाच राहिला. इतक्या दिवसांत ते नाव घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं.

पुढे इंदापूरला औषधं आणायला गेले तेव्हा मी दुकानाच्या मालकाला विचारलं, टर्नर नाक्यावर काही बोलला का. त्यानं आधी गोळ्या मोजल्या, पुडी बांधली.

"काय बोलणार?" तो म्हणाला. "त्याचं तेच चालू असतं. नवी गाडी म्हणजे गाडी, पण चालवणारा पाहिजे, म्हणतो. या वयात मी शिकलो, म्हणतो. सगळ्यांच्या पायाला जमत नाही. तुमच्या दादाचं उदाहरण देतो."

"आणि तुम्ही?"

"मी काय," तो म्हणाला, "ऐकतो."

मी पुडी घेऊन स्टँडवर आले आणि एसटी लागली तेव्हा चढले. घरी तात्या बाजेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "सांगितलं असंल न्हवं त्यानं, नाक्यावर?"

मी म्हटलं, "सांगितलं."