चालू म्हणजे काय

‘चालू’ हा शब्द कुणी उच्चारला की आजही माझे कान टवकारतात. मुलगी सहज म्हणते, “आई, गिझर चालू,” आणि मी हातातलं काम टाकून विचारते, “आहे की करू?” ती हसते. नवरा म्हणतो, नोकरीनं हिला शेवटी व्याकरण शिकवलं. हसोत बापडे.

वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावाच्या पाणीयोजनेचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. गाव कोणतं ते सांगत नाही. अमरावतीहून रोज जाऊन-येऊन करता येईल इतकं जवळ, एवढं पुरे. कागदावर मी अभियंता होते, पण खरं काम समन्वयाचं, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या एका जागी गोळा करण्याचं. रस्ता खोदायचा तर बांधकामवाल्यांची परवानगी हवी. रस्त्यात विजेचा खांब, खांबाखाली टेलिफोनची केबल, आणि या सगळ्याच्या वर भाजीबाजार. एकाला हलवावं तर दुसरा अडून बसे. पण त्यानं मी कधी घाबरले नाही. भांडायला मला मुळात आवडतं.

घाबरले ती जोडाच्या दिवशी. नवी मोठी जलवाहिनी जुनीला जोडायची होती, म्हणून गावाचं पाणी बंद ठेवलं होतं. टेकाडावर टाकी, टाकीपाशी मुख्य व्हॉल्व, आणि तिथं आमचा व्हॉल्वमन. इकडे खाली, वांग्याच्या वाडीला लागून खोदलेल्या खड्ड्यात आम्ही. दोन्हींमध्ये चांगलंच अंतर. इथून तिथलं काही दिसत नव्हतं, जे काय बोलायचं ते फोनवर. पाइप एवढा मोठा की माणूस रांगत आत जाईल. तसा एक गेलाच होता. अकोल्याकडचा वेल्डर, जोडाला आतून टाका मारायला. पाइपाच्या पाठीवरच्या झाकणाच्या भोकातून तो उतरला होता, तिथूनच त्याची केबल आत गेली होती, बाजूला जनरेटर धडधडत होता.

पाणी दुपारी सोडायचं ठरलं होतं. पण काळ्या मातीचा काय भरवसा, खड्ड्याचा काठ ढासळला आणि काम लांबलं. ठेकेदाराचा सुपरवायझर माझ्या शेजारीच उभा होता. त्याचा फोन वाजला. “हाव, चालू,” एवढंच बोलून त्यानं फोन खिशात टाकला. मी आपलं सहज विचारलं, कोण होतं.

“वरचा व्हॉल्वमन, मॅडम. चालू काय म्हणून इचारून राहिला होता. मी म्हणलं, चालू.”

“काय चालू?”

“काम चालू. आन् काय?”

हे बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. पाणी सोडायची वेळ टळून गेली होती. वरच्यानं विचारलं होतं, चालू करू काय. वाऱ्यानं त्यातलं ‘करू’ खाल्लं आणि यानं कामाचं उत्तर दिलं. वरच्याला ते पाण्याचं वाटलं असणार.

वैशाखाच्या उन्हात, लोखंडाला हात लावला तर चटका बसेल अशा जागी, मला थंडी वाजत होती. सुपरवायझरच्या एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. तो फोन लावत सुटला. वरचा उचलेना. उचलणार कसा? व्हॉल्वचं चाक फिरवायला दोन्ही हात लागतात. मी माझ्या ड्रायव्हरला गाडी घेऊन वर पिटाळलं. बाकीचे पाइपवर हातोडे मारायला लागले, पण सकाळपासून हातोडेच चालले होते. आतल्याला त्यात नवीन काय कळणार?

मग मला केबल दिसली. पाणी आणि करंट, दोन्ही एका पाइपात, आणि मध्ये माणूस. मी ओरडले, “जनरेटर बंद!”

धडधड थांबली. मी झाकणाच्या भोकात तोंड घातलं. आत काळामिट्ट अंधार आणि जळक्या लोखंडाचा वास. लांबून त्याचा आवाज आला, अगदी निवांत. “लाईन काहून गेली?”

“भाऊ, बाहेर या! पाणी सुटलं!”

मग गुडघे घासल्याचा आवाज सुरू झाला, भराभर. आणि त्याच वेळी माझ्या तोंडावर वारा आला. आत वारा कुठून येणार? पाणी पुढे सरकत होतं आणि पाइपातली हवा बाहेर ढकलत होतं. एवढी भीती मला उभ्या आयुष्यात वाटली नाही. देवाचं नावही आठवेना. मी नुसतं “या, या, या” म्हणत होते. लहान मूल पहिली पावलं टाकताना बाया म्हणतात, तसं.

त्याचे हात दिसले. आम्ही चौघांनी मिळून त्याला ओढून काढलं. खांदा खरचटला, बाकी धड होता. मागोमाग पाणी आलं, गढूळ, वीतभर, आणि हळूहळू थांबलं. ड्रायव्हर वर टाकीपाशी पोचला होता.

वीतभर पाण्यात कुणी बुडत नाही, असं नंतर पुष्कळांनी मला ऐकवलं. ऐकवणाऱ्यांतला एकही पाइपात गेला नव्हता.

वेल्डरनं तोंडावरचा घाम पुसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “अर्धा टाका राह्यला, मॅडम. पानी काढा, मी जातो पुन्हा.” मी नको म्हणणार होते. पण दुसरा वेल्डर नव्हता, आणि अख्खं गाव कोरडं बसलं होतं. नगरसेवकांचे फोन थांबत नव्हते. मी हो म्हटलं आणि स्वतः टेकाडावर गेले.

व्हॉल्वच्या चाकावर गोणपाट टाकून मी त्यावर बसले. व्हॉल्वमन मान खाली घालून लांब उभा राहिला. इथं बसून खालचं काहीच कळत नव्हतं. तो आत गेला का, त्याचा श्वास कोंडला का, काठ पुन्हा ढासळला का. उठावंसं वाटे, पण उठायचा धीर होत नव्हता.

बऱ्याच वेळानं सुपरवायझरचा फोन आला. “झालं, मॅडम.”

“काय झालं?”

“जोड झाला.”

“आणि माणूस?”

“निघाला नं बाहेर.”

“त्याला इकडे घेऊन ये.”

“आता? त्याचं जेवन राह्यलं—”

“घेऊन ये म्हणते ना!”

मोटरसायकलच्या मागे बसून तो आला. अंगभर काजळी, खांद्याला फडकं बांधलेलं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो चक्रावला. “काहून बलावलं, मॅडम? टाक्यात काई कमी हाय काय?”

“आत कुणी नाही ना?”

“आत मीच होतो न एकटा. मी त इथं हावो.”

मी चाकावरून उठले आणि त्याचं मनगट धरलं. मग व्हॉल्वमनला म्हटलं, “आता सोड.” चाक करकरलं. आमच्या पायाखालून पाणी घुमत गेलं, तेव्हा त्या मनगटाला कापरं भरलं. त्यानं ते माझ्या हातातून सोडवून घेतलं नाही.