पातेल्याचं बसकर

आमच्या घरी गरम पातेलं कधी थेट टेबलावर टेकलं नाही. ते येताना दिसलं की आई आधी बसकर सरकवायची. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक ठेवून, धावदोऱ्याने घट्ट शिवलेला वीतभर चौकोन. "पाहुण्याला बसायला देतो ना आपण? मग आमटीलाच काय उभं ठेवायचं?" दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या जिन्यातल्या घराघरात तिची बसकरं गेली होती. नियम मात्र कडक: कापड सुतीच हवं.

आई गेली. तेरावा झाल्यावर मी नोएडाला माझ्या घरी परतले. पुढच्या शनिवारी येऊन बघते तर तिचं कपाट रिकामं! बाबांनी सगळ्या साड्या बर्तनवालीला, म्हणजे इकडच्या बोहारणीला, देऊन टाकल्या होत्या आणि बदल्यात घेतलं काय, तर एक स्टीलचं पातेलं. अहो, एकेका जुन्या पँटसाठी आई त्या बाईशी तासभर हुज्जत घालायची. या गृहस्थांनी अख्खं कपाट मुकाट्याने उचलून दिलं. मी नाही नाही ते बोलले. "बाबा, तुम्हाला मन आहे की नाही? एक तरी ठेवायची होती!" ते पेपर वाचत राहिले. आईच्या साड्या एव्हाना पानिपतच्या चिंध्यांच्या गिरणीत पोचून त्यांच्या घोंगड्या होत असतील, या विचाराने माझं रडू थांबेना.

वाचली ती एकच. आई पूर्वी ऑफिसला नेसायची ती पिवळी साडी. बसच्या गर्दीत चुरगळत नाही म्हणून तिची फार लाडकी. नंतर गच्चीवर पापड वाळत घालायला काढली, आणि पापडाच्या डब्यातच राहिली. उन्हाने पार विरली होती. पदराचा वीतभर तुकडा तेवढा धड होता. तो मी कितीतरी दिवस उशाशी घेऊन झोपले. मग वाटलं, आईने असं नुसतं कुरवाळत ठेवलं नसतं, कामाला लावलं असतं. तो तुकडा वर मधोमध लावला, भोवती तिच्या शिवणाच्या पिशवीतल्या चिंध्या. टाके वाकडेतिकडे आले, पण बसकर झालं एकदाचं.

रविवारी बाबांनी आमटी केली. ते नवं पातेलं सांडशीत धरून टेबलापाशी आले आणि तसेच उभे राहिले. कुणीतरी खाली काही सरकवेल म्हणून. मी पटकन माझं बसकर पुढे केलं.

"बसची साडी," ते म्हणाले, आणि पातेलं टेकवलं.

मग जळका वास आला. अगं बाई! सुतीच हवं, सुतीच हवं, जन्मभर ऐकलं, आणि मी मेली नायलॉन लावून बसले! पातेलं उचललं तर तुकडा वितळून तळाला चिकटलेला, लांब तारा सुटलेल्या.

"गेलं! हेही गेलं!" मी रडत ते ओढायला लागले.

बाबांनी माझा हात धरला. "ओढू नकोस." त्यांनी आमटी दुसऱ्या भांड्यात ओतली, पातेलं उलटं करून मांडीवर घेतलं आणि त्या पिवळ्या डागावर फुंकर घालू लागले.

"कपाट उघडलं की तिचा वास यायचा गं," ते म्हणाले. "मला घास उतरायचा नाही. म्हणून दिल्या."

आमटी गार झाली तरी ते फुंकतच होते.

"बाबा, निवलंय आता ते."

"थांब जरा," ते म्हणाले. "भाजलंय तिला."