साखळीच्या झोक्यात याडी

माझ्या सासूचं नाव जिवनबाई, पण सगळा तांडा तिला याडी म्हणतो. आमच्या गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, एवढ्या लोकांची आई झालेली बाई स्वभावाने मऊ असणार. पहिल्याच आठवड्यात माझा गैरसमज दूर झाला. माझी भाकरी जाड झाली म्हणून तिने मला दुसरी थापायला लावली, आणि ती जाड भाकरी मात्र स्वतः खाल्ली. तेव्हापासून मी तिला भिते, आणि तिला जीवही लावते.

सिद्धेश्वर धरणाच्या काठाला आमचा तांडा. दीड एकर हळद, दोन म्हशी आणि माझा नवरा रणजीत चालवतो ती जीप, एवढा आमचा संसार. आम्ही सुना कधीच साडीवर आलो, पण याडी अजून फेटिया-कांचळीतच असते. फेटिया म्हणजे आमचा घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी, दोन्हींवर आरसे आणि कवड्या. हळद शिजवायच्या दिवसांत कढईसमोरसुद्धा ती तशीच उभी राहते. एवढं ओझं अंगावर कशाला वागवता, असं कोणी विचारलं की म्हणते, "वजन हाय म्हणून तर वाऱ्यानं उडत न्हाई मी."

आणि दंडावर चुडा. कोपरापासून पार खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या, एकीला एक खेटून. लग्नात चढवतात आणि नवरा आहे तोवर उतरवत नाहीत. चाळीस वर्षांत याडीचा दंड भरला आणि चुडा कातडीसारखा घट्ट बसला. असा चुडा घालणाऱ्या बाया तांड्यात आता नऊच उरल्यात.

मी तांड्याची आशा कार्यकर्ती. २०२१ च्या एप्रिलमध्ये लसीचं शिबिर तांड्यावर आणलं ते मीच, आणि तोंडावर आपटले तीही मीच. सकाळचे अकरा वाजले तरी समाजमंदिरात सिस्टर, मी आणि एक कुत्रं, एवढेच. लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, असं कुणीतरी मोबाईलवर ऐकवलं होतं. माझे सासरे प्रेमदास, ज्यांना आम्ही बापू म्हणतो, ते तर सुईच्या भीतीने पहाटेच वावरात पळाले होते.

मग याडी आली, आणि ती काय करते ते बघायला तिच्यामागे बाया दारात जमल्या. खुर्चीवर बसली, बाही वर केली, आणि सिस्टरने कपाळाला हात लावला. सुई द्यायला बोटभर जागा नव्हती.

"कापा," याडी म्हणाली.

दारातल्या बाया एक पाऊल मागे सरल्या. नवरा जिवंत असताना चुडा कापायचा म्हणजे काय, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. रणजीतच्या जीपमधून लोखंड कापायचं पातं आणलं, पण ते हातात घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी मीच घेतलं. पातं बांगडीवर टेकवून मी तशीच थांबले, तेव्हा याडीनेच माझं मनगट धरलं. "शिला, भिऊ नको. नवरा जगावा म्हणून चुडा घालतेत ना? मग त्याच्यासाठीच कापून राहिलीस तू." वरच्या सहा बांगड्या मी कापल्या. तिने लस घेतली आणि घरी जाऊन म्हशीची धार काढली.

आठ दिवसांनी बापूंना ताप भरला. हिंगोलीच्या दवाखान्यात ते बारा दिवस ऑक्सिजनवर होते. तांड्यात बाया काय बोलत होत्या ते मी इथे लिहीत नाही, त्यातल्या निम्म्या आता माझ्या मैत्रिणी आहेत. याडीच्या कानावर सगळं येत होतं. ती रोज डबा भरून रणजीतच्या हाती द्यायची आणि उघड्या दंडाने तांड्याच्या मधोमध चालत हापशावर जायची. दंड झाकायचा नाही, असं तिने ठरवलंच होतं. मी मात्र रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडत होते, कारण पातं माझ्या हातात होतं.

बापू चालत घरी आले. त्याच संध्याकाळी याडीने सहा नवीन बांगड्या दंडावर चढवून घेतल्या, आणि पुढच्या शिबिराला तांड्यातली त्रेचाळीस माणसं रांगेत उभी राहिली. बाकीच्या आठही चुडेवाल्या आल्या, पातं घेऊन. बापूंचा नंबर लागला तेव्हा याडी त्यांच्यामागे उभी होती, पळायला वाटच नव्हती.

ही झाली ओळख. आता त्या वर्षीच्या दिवाळीकडे येते.

दिवाळीच्या अवसेला आमच्याकडे मेरा असतो. लग्न न झालेल्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर फिरतात, गाणं म्हणत म्हाताऱ्या माणसांना ओवाळतात आणि ओवाळणी मागतात. आदल्या वर्षी कोरोनामुळे पोरींनी ज्याच्या त्याच्या दारातच मेरा केला होता. त्या वर्षी दिवे पुन्हा तांडाभर फिरले. माझी संध्या, वय वर्षं बारा, आजीपुढे आली आणि म्हणाली, "दादी, मला पैसे नको. मला नांदेडपल्याडच्या पार्कात ने. अन् तिथं साखळीचा झोका हाय, त्याच्यात माझ्यासंगं तूच बस."

दीड वर्ष या लेकराची शाळा माझ्या एका मोबाईलमध्ये भरत होती, तीही माझे रिपोर्ट भरून झाल्यावर. त्याच मोबाईलवर तिने तो झोका पाहिला होता.

"बसते," याडी म्हणाली. झोका काय असतो हे तिला ठाऊक नव्हतं. पण दिव्यापुढे दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत.

भाऊबीज झाल्यावर आम्ही पाचजण जीपने निघालो. एसटीचा संप होता, वसमतचा स्टँड ओस पडला होता. तिथे चहा पिताना बापू म्हणाले की आता घरी गेलं तर संध्याकाळची धार चुकणार नाही. रणजीतने जीप नांदेडकडेच काढली. त्यानंतर ते गप्पच बसले.

पार्काच्या गेटवर कोरोनाचे नियम. निम्मीच माणसं आत, मोठ्यांना दोन्ही डोसांचं सर्टिफिकेट, तोंडाला मास्क. याडीने ओढणी नाकावर ओढली तर गार्ड म्हणाला, मास्कच पाहिजे. तिने मास्क लावला आणि वरून ओढणीही ओढली, जा म्हणावं. मग कांचळीतून बटवा काढला. सर्टिफिकेट तिने प्लास्टिकमध्ये बसवून घेतलं होतं. गार्डने नुसती नजर टाकून परत केलं.

"वाच की मोठ्यानं," याडी म्हणाली.

"जिवनबाई प्रेमदास राठोड," त्याने वाचलं. "दोन्ही डोस पूर्ण."

"तांड्यात सगळ्यात आधी," याडीने पुरवणी जोडली आणि आत गेली.

आत पाण्याचा सगळा भाग दोरी लावून बंद होता. रणजीतने पोहायची चड्डी घडी घालून आणली होती, ती तशीच परत गेली. दिवसभर मी त्याला त्यावरून छळलं. जमिनीवर गोल आखले होते, एका गोलात एक माणूस. माणसं आपल्या गोलातून याडीकडे बघत होती आणि याडी आपल्या गोलातून त्यांच्याकडे.

साखळीचा झोका म्हणजे उंच खांबावर एक छत्री, छत्रीला लांब साखळ्या आणि साखळ्यांना दोघा-दोघांचे पाळणे. छत्री फिरायला लागली की पाळणे वर उडतात. मधला एक एक पाळणा पट्टी बांधून रिकामा ठेवला होता. लहान मुलांसोबत घरचं मोठं माणूस पाहिजे, अशी पाटी होती. तिथे झोका सांभाळणाऱ्या, निळ्या टी-शर्टातल्या मिना मॅडम उभ्या होत्या. त्यांनी याडीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आजी, दागिने काढावे लागतील."

याडीने मुकाट्याने काढले. केसांतल्या घुगऱ्या, गळ्यातली नाण्यांची माळ, पायातली कडी, नाणी लावलेली ओढणी. माझा पदर भरून गेला. फेटियाचा घोळ मागे खोचून तिने काचा मारला, हळद काढताना मारते तसा.

मॅडमनी दंडाकडे बोट केलं. "हे पण."

"हे निघत न्हाई."

"मग बसता येणार नाही."

माझं डोकं सटकलं. आशाचं काम करून भांडायची मला सवय आहे, मी तोंड उघडलंच होतं. पण याडीने हाताने थांबवलं. "गप. तिचं काम ती करून राहिली." मग मॅडमना विचारलं, "बाई, काहून काढायचा, तेवढं सांग."

मॅडमही सरळ होत्या. म्हणाल्या, "आजी, साखळीवर आपटून बांगडी फुटली तर तुकडा सुटतो. झोका जोरात असतो. खाली लहान मुलं असतात, कुणाच्या डोळ्यात गेला म्हणजे?"

याडीला ते पटलं. मला तिच्या तोंडावरून कळलं, आणि पटलेली गोष्ट ती कधी टाळत नाही.

"मी बसतो तिच्यासंगं," रणजीत म्हणाला.

"शब्द मी दिला अन् बसशील तू?"

"राहू दे ना दादी," संध्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाबा चालतेत मला."

याडी आपल्या दंडाकडे बघत राहिली. मागे रांग खोळंबली होती. "जिवासाठी कापला व्हता," ती हळूच म्हणाली. "खेळासाठी न्हाई कापणार. अन् लेकराचा शब्द बी न्हाई मोडणार." दोन्ही एकदम कसं जमायचं, ते मात्र तिलाही दिसत नव्हतं. तिला असं अडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते बघवेना. एकाएकी तिने मान वर केली. "बाई, तुकडा सुटू नये, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग गच्च बांधला तर?"

मॅडम विचारात पडल्या. "कापडाखाली पूर्ण झाकला, घट्ट, तर... बघू."

कापड कुठलं आणायचं? माझ्या पदरात दागिने होते, रणजीतचा रुमाल वीतभर. याडीची ओढणी तर सगळी नाण्यांनीच भरलेली.  एवढ्यात वसमतपासून गप्प असलेले बापू पुढे आले आणि त्यांनी डोक्याचं लाल पागोटं उतरवलं.

आमच्यातला म्हातारा माणूस चारचौघांत डोकं उघडं करतो ते घरात मौत झाली तरच. मी सून म्हणून या घरात चौदा वर्षं आहे, त्या दिवसापर्यंत मी त्यांचं डोकं पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली.

"डोकं झाका ओ," याडी घाईघाईने म्हणाली. "लोक बघून राहिले."

"बघू दे," बापू म्हणाले. "तू माझ्यापायी दंड उघडा घेऊन तांडाभर फिरली. मला समदं कळत व्हतं दवाखान्यात. हात कर पुढं."

तिने हात पुढे केला. बापूंनी पागोट्याचं टोक तिच्या डाव्या कोपराला धरलं आणि पीळ घालत खांद्यापर्यंत गुंडाळत नेलं, मग पाठीवरून फिरवून उजव्या दंडावर उतरवलं. सुईदोरा याडीच्या बटव्यात असतोच. टोकं मी शिवली, आणि या वेळी याडीला माझं मनगट धरावं लागलं नाही. मिना मॅडमनी दोन्ही दंड दोनदा ओढून, दाबून पाहिले.

"एकाच घरच्या ना दोघी?"

"व्हय," संध्या ओरडली.

"बसा मग."

झोका फिरू लागला. पहिल्या फेरीला याडीने डोळे मिटले होते, एवढं मला दिसलं. दुसऱ्या फेरीला पाळणे वर चढले आणि माझ्या लेकीचं हसू खाली ऐकू आलं. तिसऱ्या फेरीला याडीने समोरचा दांडा सोडून एक हात वर केला. मिना मॅडम खालून ओरडल्या, "आजी, हात खाली!" आजींनी ऐकलं नाही. मला अभिमान वाटला, स्वच्छ सांगते. मला गावोगाव ओरडून सांगावंसं वाटलं की त्या बाईच्या हाताखाली मी भाकरी थापायला शिकले.

शेजारच्या गोलात एक गृहस्थ मोबाईल वर धरून उभे होते. त्यांनी बापूंना विचारलं, "कोण हो त्या लाल हाताच्या आजी?"

बापू उन्हात उघड्या डोक्याने उभे होते, विरळ पांढरे केस वाऱ्याने विस्कटलेले. चाळीस वर्षांत त्यांनी तिला "अगं" आणि "ए" याखेरीज हाक मारलेली नाही, आणि परक्यापुढे तिचा विषय तर कधीच काढला नाही. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, मान ताठ केली, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले,

"ती जिवनबाई. माझी बायको हाय."